गुणानुक्रम ते पहिले सत्र : अभियांत्रिकी पदवी प्रवेशाची रचना

अभियांत्रिकी पदवी प्रवेशाच्या संयुक्त परीक्षेचा मुख्य टप्पा म्हणजे ‘जेईई मेन’. २०२४ मध्ये या परीक्षेला चौदा लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्या वर्षी भारतीय तंत्रज्ञान संस्थांमधील जागा अठरा हजारांच्या आत होत्या आणि केंद्रीय जागावाटपातील सर्व संस्थांच्या मिळून जागा साठ हजारांच्या आसपास होत्या. एवढी चुरस असल्याने सारी चर्चा परीक्षेभोवती फिरते आणि निकाल लागला की सर्व काही ठरून गेले, असा समज घरोघरी होतो. प्रत्यक्षात निकाल आणि महाविद्यालयातील पहिला तास यांच्यामधल्या सहा-सात आठवड्यांत विद्यार्थ्याला पसंतीक्रम, प्रमाणपत्रे, शुल्क आणि मुदती यांचे अनेक निर्णय घ्यावे लागतात. गुणानुक्रम उत्तम असूनही या टप्प्यावर जागा गमावणारे विद्यार्थी बहुधा अशा घरांतले असतात, जिथे हा मार्ग पूर्वी कोणी चाललेले नसते. म्हणून या प्रक्रियेची रचना समजून घेणे हाही तयारीचाच भाग ठरतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या औद्योगिक विकासासाठी उच्च तांत्रिक संस्था उभाराव्यात, अशी शिफारस नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती. तिला अनुसरून १९५१ मध्ये खरगपूर येथे पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. पुढे मुंबई, मद्रास, कानपूर व दिल्ली येथील संस्था आल्या आणि १९६१ च्या तंत्रज्ञान संस्था अधिनियमाने त्यांना ‘राष्ट्रीय महत्त्वाची संस्था’ हा दर्जा दिला. आज त्यांची संख्या २३ आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून केंद्र व राज्य यांच्या सहभागाने प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली होती. २००२ पासून त्यांचे रूपांतर राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये होत गेले आणि २००७ च्या अधिनियमाने या संस्थांनाही राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. अशा संस्था आता ३१ आहेत.

प्रवेशपरीक्षांची वाटचालही अशीच टप्प्याटप्प्याने झाली. २००२ पासून घेतली जाणारी अखिल भारतीय अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा आणि तंत्रज्ञान संस्थांची स्वतंत्र संयुक्त प्रवेश परीक्षा यांच्या जागी २०१३ मध्ये ‘मेन’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ ही द्विस्तरीय रचना आली. जागावाटप मात्र त्यानंतरही वेगवेगळेच राहिले. एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून ठेवी, शेवटी एक सोडून देई आणि सुटलेली जागा वर्षभर रिकामी पडे. हा अपव्यय टाळण्यासाठी २०१५ मध्ये संयुक्त जागावाटप प्राधिकरण, अर्थात ‘जोसा’, स्थापन झाले. तेव्हापासून भारतीय तंत्रज्ञान संस्था, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि केंद्राचे अर्थसाहाय्य असलेल्या इतर काही संस्था यांचे वाटप एकाच पसंतीयादीवरून होते.

शततमक म्हणजे टक्के नव्हेत

‘मेन’ परीक्षा जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत, प्रत्येक सत्रात अनेक पाळ्यांमधून घेतली जाते. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने मूळ गुणांची थेट तुलना न्याय्य ठरत नाही. म्हणून त्या पाळीत आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण काढले जाते. यालाच शततमक म्हणतात. एखाद्या पाळीत एक लाख विद्यार्थी असतील आणि त्यांपैकी ९७,५०० जणांचे गुण आपल्याइतके वा कमी असतील, तर शततमक ९७.५ येतो. तो सात दशांश स्थळांपर्यंत काढतात. दोन्ही सत्रे देणाऱ्याचा अधिक चांगला शततमक गुणानुक्रमासाठी धरला जातो.

चौदा लाख परीक्षार्थींमध्ये एक शततमक म्हणजे चौदा हजार क्रमांक. ९८ शततमक ऐकायला भव्य वाटला, तरी त्याचा अर्थ गुणानुक्रम अठ्ठावीस हजारांच्या आसपास असा होतो. पेढे वाटण्यापूर्वी हा गुणाकार केलेला बरा.

‘मेन’मधील पहिले सुमारे अडीच लाख विद्यार्थी, प्रवर्गनिहाय विभागणीनुसार, ‘अॅडव्हान्स्ड’साठी पात्र होतात. ती परीक्षा सलग दोन वर्षांत फार तर दोनदा देता येते. याखेरीज बारावीची अट स्वतंत्र आहे. तंत्रज्ञान संस्था व राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधील प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ६५ टक्के) गुण किंवा आपल्या मंडळात आपल्या प्रवर्गातील वरच्या २० शततमकांत स्थान आवश्यक असते. प्रवेशपरीक्षेच्या नादात बारावी दुय्यम मानणाऱ्यांना ही अट जूनमध्ये आठवते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जागा कशी वाटली जाते?

संपूर्ण प्रक्रियेचा गाभा म्हणजे पसंतीयादी, आणि सर्वाधिक गैरसमजही तिच्याविषयीच आहेत. ‘वरची जागा मिळणार नाहीच, मग ती लिहून संधी का वाया घालवायची?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. त्याचे उत्तर वाटपाच्या गणितात दडलेले आहे.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशाचा प्रश्न सोडवणारी एक पद्धत मांडली. तिला ‘स्थगित स्वीकृती’ म्हणता येईल. याच परंपरेतील कार्यासाठी शॅप्ली आणि अॅल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘जोसा’चे वाटप याच तत्त्वावर चालते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वतीने संगणक त्याच्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. जागांपेक्षा अर्ज अधिक असतील, तर गुणानुक्रमाने वरचे विद्यार्थी तात्पुरते ठेवून घेतले जातात आणि उरलेले आपापल्या पुढच्या पसंतीकडे वळतात. तिथे एखादा अधिक वरच्या क्रमांकाचा विद्यार्थी नंतर आला, तरी त्याला जागा मिळते आणि आधी ठेवून घेतलेला खाली सरकतो. कोणालाही सरकावे लागत नाही अशी स्थिती आली की वाटप पक्के होते.

एक छोटे उदाहरण घेऊ. विद्युत, यंत्र आणि स्थापत्य या शाखांची प्रत्येकी एक जागा आहे. गुणानुक्रम अ, ब, क असा आहे. अ आणि ब या दोघांची पसंती विद्युत, यंत्र, स्थापत्य अशी. क ची पसंती यंत्र, विद्युत, स्थापत्य अशी. पहिल्या खेपेला विद्युतकडे अ आणि ब जातात, यंत्रकडे क जातो. विद्युत अ ला मिळते. ब यंत्रकडे वळतो आणि क पेक्षा त्याचा क्रमांक वरचा असल्याने ती जागा त्याला मिळते. क विद्युतकडे जाऊन परत येतो आणि स्थापत्यवर थांबतो. ब ने विद्युत पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने त्याचे काहीही बिघडले नाही. यंत्रची जागा त्याला मिळालीच. आता समजा, ब ने भीतीपोटी ‘खात्रीची’ म्हणून स्थापत्य पहिली लिहिली असती. त्याला स्थापत्य मिळाली असती आणि त्याच्या हक्काची यंत्रची जागा क कडे गेली असती. त्याचप्रमाणे पुढच्या फेरीत अ ने प्रवेश सोडला, तर विद्युतची जागा यादीत ती लिहिलेल्या ब लाच मिळू शकते.

यावरून निघणारा नियम सोपा आहे. जागा मिळण्याची शक्यता बाजूला ठेवून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावी आणि ती लांब ठेवावी. मागील वर्षांचे प्रारंभिक व अंतिम गुणानुक्रम ‘जोसा’ प्रसिद्ध करते. यादी खाली किती लांबवायची हे ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग आहे, वरचा क्रम ठरवण्यासाठी नाही. प्रत्यक्ष फेऱ्यांपूर्वीचे नमुना वाटपही याच कामी येते. मात्र जी जागा मिळूनही घ्यायची नाही, ती यादीत लिहू नये.

हा नियम सर्वत्र जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती आपोआप गोठते आणि पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. तिथे पहिल्या ओळीत काय लिहिले आहे, याला अधिक वजन येते.

फेऱ्या, मुदत आणि एक खटला

‘जोसा’ची वाटपे पाच-सहा फेऱ्यांत होतात. जागा मिळाल्यावर विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीत स्वीकृतीशुल्क भरावे लागते, कागदपत्रे अपलोड करावी लागतात आणि तीनपैकी एक पर्याय निवडावा लागतो. ‘फ्रीझ’ म्हणजे मिळालेली जागा पक्की. ‘फ्लोट’ म्हणजे ही जागा हातात ठेवून यादीतील वरच्या कोणत्याही जागेची वाट पाहणे. ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेतील वरच्या शाखेची वाट पाहणे. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते आणि ती परत मागता येत नाही. पडताळणीत शंका निघाली, तर तिचे उत्तरही मुदतीतच द्यावे लागते. त्या दिवसांत संकेतस्थळ रोज पाहण्याला पर्याय नसतो.

मुदत चुकणे म्हणजे काय, हे २०२४ मधील एका प्रकरणाने देशापुढे आले. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला धनबाद येथील तंत्रज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. स्वीकृतीचे १७,५०० रुपये २४ जून रोजी सायंकाळी पाचपर्यंत भरायचे होते. कुटुंबाने पैसे उभे केले, पण मुदत संपेपर्यंत भरणा पूर्ण होऊ शकला नाही आणि जागा गेली. परीक्षेची त्याची ती दुसरी, म्हणजे शेवटची संधी होती. झारखंड विधी सेवा प्राधिकरण आणि मद्रास उच्च न्यायालय अशी वाट चालत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून, इतर कोणाच्याही जागेला धक्का न लावता, त्याला अधिसंख्य जागेवर प्रवेश देण्याचा आदेश दिला. २०२१ मध्येही मुंबईच्या संस्थेतील जागा शुल्कभरणा न झाल्याने गमावलेल्या एका विद्यार्थ्याला न्यायालयाने याच अनुच्छेदाखाली दिलासा दिला होता.

संविधानाच्या अभ्यासकाला अनुच्छेद १४२ चे हे उत्तम उदाहरण वाटेल. परंतु ‘संपूर्ण न्याय’ करण्याचा हा अधिकार अपवादात्मक आहे. शिवाय जून ते सप्टेंबर हा काळ त्या मुलाने कोर्टाच्या तारखांमध्ये घालवला आणि त्याच काळात त्याचे सहाध्यायी पहिले सत्र शिकत होते. रक्कम आधीच खात्यात असणे आणि भरणा शेवटच्या दिवसावर न ठेवणे, एवढाच व्यवहार्य उपाय उरतो. प्रवेशशुल्काची वेळ बँकेच्या सुट्टीशी किंवा गावातल्या खंडित नेटशी गाठ घालत नाही, असे गृहीत धरणे हीच मुळात शहरी सवय आहे.

प्रमाणपत्रांतील बारकावे

केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी ७.५, इतर मागासवर्गीयांसाठी २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आधार ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद १५(५) आणि त्यानंतरचा केंद्रीय अधिनियम हा होय. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये तो वैध ठरवला. आर्थिक दुर्बलांचे आरक्षण २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आले. दिव्यांगांसाठीचे ५ टक्के आरक्षण या सर्व प्रवर्गांतून आडवे जाते.

गोंधळ होतो तो तपशिलात. इतर मागासवर्गीय म्हणून केंद्राच्या यादीत जात असावी लागते. राज्याच्या यादीतील नोंद पुरत नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाला दिलेले आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. नॉन-क्रीमीलेअर आणि आर्थिक दुर्बल ही दोन्ही प्रमाणपत्रे प्रवेशवर्षाच्या १ एप्रिल रोजी किंवा त्यानंतर दिलेली असावी लागतात. दोन्हींची मर्यादा आठ लाख रुपये असली, तरी मोजण्याची रीत वेगळी आहे. नॉन-क्रीमीलेअरच्या उत्पन्नकसोटीत पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. आर्थिक दुर्बलांसाठी सर्व स्रोतांचे उत्पन्न एकत्र करतात. तहसील कार्यालयातील जूनची गर्दी पाहता ही कागदपत्रे एप्रिलमध्येच मागणे शहाणपणाचे.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानातून सुटते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, पण ‘त्या राज्यातील’ याचा अर्थ बारावी त्या राज्यातून उत्तीर्ण, असा आहे. अधिवास तिथे पाहिला जात नाही. नांदेडचा विद्यार्थी शिकवणीसाठी कोट्याला जाऊन तेथील शाळेतून बारावी झाला, तर नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत तो परराज्याचा ठरतो आणि जयपूरच्या मालवीय संस्थेत गृहराज्याचा. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे वाढलेल्या मराठी मुलांनाही हाच निकष लागतो.

मुलींसाठी २०१८ पासून तंत्रज्ञान संस्था व राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. २०१६ च्या सुमारास तंत्रज्ञान संस्थांच्या पदवी वर्गांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. हे प्रमाण २०१८ मध्ये १४ आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. या जागा मूळ जागांव्यतिरिक्त असल्याने त्यांमुळे इतरांच्या जागा कमी होत नाहीत. हा फरक वादचर्चेत अनेकदा विसरला जातो.

शुल्क आणि राज्यांचे मार्ग

२०१६ मध्ये तंत्रज्ञान संस्थांचे वार्षिक शिक्षणशुल्क ९० हजारांवरून दोन लाख रुपये झाले, तेव्हाच सवलतीही ठरल्या. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच एक लाखापेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना हे शुल्क पूर्ण माफ आहे. एक ते पाच लाख उत्पन्न असणाऱ्यांना दोनतृतीयांश सूट आहे. वसतिगृह व भोजनाचा खर्च मात्र वेगळा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे.

देशातील बहुसंख्य अभियंते या केंद्रीय संस्थांतून नव्हे, तर राज्यांच्या प्रक्रियेतून घडतात. महाराष्ट्र, कर्नाटक, पश्चिम बंगाल यांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहेत. तामिळनाडूने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हिताचे कारण देऊन २००७ पासून प्रवेशपरीक्षा रद्द केली आणि बारावीच्या गुणांवरच प्रवेश दिले. महाविद्यालय निवडताना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता ही किमान पायरी समजावी. राष्ट्रीय मानांकन मंडळाचे मानांकन एकेका अभ्यासक्रमाला मिळते, संस्थेला नव्हे. म्हणून माहितीपुस्तिकेतील ‘मानांकित महाविद्यालय’ या शब्दांवर न थांबता आपल्या शाखेचे मानांकन आणि त्याची मुदत पाहावी.

पहिले सत्र

प्रवेशानंतर विद्यार्थी व पालक दोघांनाही रॅगिंगविरोधी हमीपत्र द्यावे लागते. राघवन समितीच्या शिफारशी आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश यांतून २००९ मध्ये आलेल्या नियमांचा तो भाग आहे. त्यामागोमाग प्रारंभिक परिचयवर्ग होतो आणि मग गणित, भौतिकशास्त्र, संगणकलेखन, अभियांत्रिकी आरेखन व कार्यशाळा असे बहुतेक शाखांना समान असलेले पहिले वर्ष सुरू होते. कॉम्प्युटर घेतलेला विद्यार्थीही कानस आणि करवत हाताळतो.

मूल्यमापनाची रीत शाळेपेक्षा वेगळी असते. परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० श्रेयांक आहेत. आठवड्याचा एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. सरासरी काढताना श्रेयांकांचे वजन धरतात. चार श्रेयांकांच्या गणितात ६ आणि एका श्रेयांकाच्या प्रयोगशाळेत १० श्रेणीगुण मिळाले, तर सरासरी ८ येत नाही, ६.८ येते. अनेक संस्थांत श्रेणी वर्गातील इतरांच्या तुलनेत ठरते. आयुष्यभर पहिला आलेला विद्यार्थी इथे मधल्या फळीत जातो आणि पहिल्या सहामाहीच्या निकालाने खचतो. वर्गातील सारेच जण आपापल्या शाळेत पहिले आलेले असतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे भाषेचा चढही असतो. ‘मेन’ २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते. ‘अॅडव्हान्स्ड’ केवळ इंग्रजी व हिंदीत होते. आणि वर्गात बहुतेक ठिकाणी इंग्रजी हेच माध्यम असते. २०२१ मध्येच परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि मराठीसह काही भाषांत पाठ्यपुस्तकेही तयार झाली. मात्र असे वर्ग थोड्याच महाविद्यालयांत आहेत. इतरांसाठी पहिल्या सत्रात मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहीत वही ठेवणे हा जुना उपाय अजूनही उपयोगी पडतो. विषय येत असतो, फक्त प्रश्न ओळखीचा वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी शाखा बदलून घेऊ, या भरवशावर यादी लिहिणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. शाखाबदल पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असतो, तो मोजक्यांनाच मिळतो, आणि काही तंत्रज्ञान संस्थांनी पहिल्या वर्षावरील ताण कमी करण्यासाठी ही सोय अलीकडे बंदच केली आहे. पसंतीयादी भरण्यापूर्वी त्या संस्थेच्या शैक्षणिक नियमावलीतील शाखाबदलाचे कलम वाचायला पाच मिनिटे लागतात.